हरणांच्या वाटेवरचं माझं पत्रक

झोप आणि ट्रॅफिक सिग्नल सोडून सांगा, तुम्ही शेवटचं कधी तासभर एका जागी नुसते बसला होतात? फोन न काढता, कुणाची चूक न शोधता?

मी तरी कधी बसले नव्हते. नागपुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचा छोटा छापखाना होता आणि तिथे मुख्यतः पत्रकं छापली जायची. टँकर येत नाही म्हणून, शाळा बंद केली म्हणून, रस्त्यासाठी कडुनिंब पाडले म्हणून. त्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले. मला ‘आई’च्या आधी ‘जाहीर’ लिहिता यायला लागलं, असं आई अजून तक्रारीच्या सुरात सांगते. गप्प बसणं हा आमच्याकडे दुर्गुण होता. घरी आलेल्या पाहुण्यानं रस्त्यातल्या खड्ड्याची तक्रार केली, तर वडील पाण्याचा पेला पुढे करत विचारायचे, “मग तुम्ही काय केलंत?”

अशी मी नोकरीसाठी बंगळुरूला आले. ऑफिस कोरमंगलात आणि खोली जयनगरात, एका जुन्या मराठी घराच्या वरच्या मजल्यावर. घरमालकांनी पंचाहत्तरी ओलांडलेली, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आले, त्यामुळे त्यांची मराठी माझ्या मराठीची लांबची आत्या लागते. ओळख पटते, पण प्रत्येक वाक्याला नातं आठवावं लागतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी जिन्यातून हाक मारली, “कॉफीला ये गं खाली.”

“काही काम होतं का, अण्णा?”

“काम कसलं? सुम्ने.”

सुम्ने म्हणजे सहज, उगाच, काही कारण नसताना. मला तो कन्नड शब्द फार आवडला. पण पुढच्याच आठवड्यात त्याची दुसरी बाजू कळली: सुम्ने म्हणजे गप्पसुद्धा. पेपरातल्या कुठल्याशा बातमीवर मी तावातावानं बोलत होते, कॉफी निवत होती, आणि अण्णा म्हणाले, “स्वल्प सुम्ने बस की.”

मी कप खाली ठेवला. मला गप्प बसवणाऱ्यांशी माझं काय होतं ते सविस्तर सांगितलं. अण्णा ठसका लागेपर्यंत हसले.

“गप्प बस म्हटलं नाही गं. सुम्ने बस म्हटलं.”

“फरक काय?”

“फेब्रुवारी येऊ दे. दाखवतो.”

फेब्रुवारीत इथली थंडी सरत आलेली असते. दुपारी पंखा लागतो, पहाटे स्वेटर. शहराच्या दक्षिणेला, जिथे अपार्टमेंटं संपून जंगलाची कड लागते, तिथल्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीत, अण्णांची मोठी बहीण राहते. तिला सगळे अक्का म्हणतात, मीही. तिचं घर शेवटच्या ओळीत. मागच्या पायऱ्या उतरल्या की एक लहान तळं आणि तळ्यापलीकडे झाडी. जंगलातले ओढे आटले की चितळं पहाटे या तळ्यावर यायची आणि दर वर्षी त्या दिवसांत अण्णा बहिणीच्या मागच्या पायरीवर येऊन बसायचे.

ही बैठक त्यांनी वडिलांकडून घेतली. वडील शिकारी होते. हे ऐकल्यावर मी जे बोलायचं ते बोललेच. “म्हणजे तुमचे वडील खुनी होते, अण्णा.”

“होते,” अण्णा शांतपणे म्हणाले. “पण फार चांगले बसायचे.”

कायदा आला, बंदूक गेली. बसणं तेवढं मुलाकडे आलं.

त्या वर्षी मात्र तळ्याच्या पलीकडे लेआउटची नवी कंपाउंड भिंत उभी राहिली होती. डोक्यापेक्षा उंच, दोन्ही बाजूंनी पूर्ण, मध्ये फक्त एक बस जाईल एवढं खिंडार उरलेलं. पुढच्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते बुजवायचा ठराव यायचा होता. तो झाला की चितळांचं पाणी तुटणार. आम्ही दोघं सेक्रेटरींना भेटायला गेलो. गृहस्थ सरळ होते, निवृत्त, पांढरा ट्रॅकसूट, हातात किल्ल्यांचा जुडगा.

“जिंके इल्ला,” ते म्हणाले. हरणं नाहीतच. मग माझ्यासाठी हिंदीत आले. “मॅडम, मी रोज तळ्यावर चालतो. कुत्री दिसतात. हरीण एक दिवस नाही दिसलं. आणि हरीण आलं तर मागून चिरते येणार. बिबट्या! लहान मुलं आहेत इथे.”

“चालताना फोनवर मोठ्यानं बोलता ना तुम्ही?” मी म्हटलं.

अण्णांनी माझ्या पायावर पाय दिला. सेक्रेटरी हसले. “सरी, ठीक आहे. दाखवा मला. रविवारच्या आत एकदा दाखवा, मग मीटिंगमध्ये मी स्वतः बोलतो. नाहीतर सोमवारी गवंडी येणार.”

सहा पहाटा हातात होत्या. अण्णा म्हणाले, पुरतात. मी म्हटलं, पुरतात कशा, आणि त्याच संध्याकाळी पत्रक तयार केलं. कन्नड, इंग्रजी आणि वडिलांच्या समाधानासाठी मराठी. ‘जाहीर विनंती! ही हरणांची वाट आहे. ती अडवू नका!’ मोठ्या कागदावर छापून घेतलं, दव लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातलं आणि खिंडारात मधोमध दोरी ताणून टांगलं. सोसायटीतल्या सगळ्यांना तळ्यावरून चालताना दिसेल असं. फोटो वडिलांना पाठवला. त्यांचा लगेच फोन. “उद्गारचिन्हं दोनच? बरं, टाइप चांगला आहे.”

सोमवारी पहाटे अण्णांना स्कूटरवर मागे बसवून मी निघाले. अक्कानं आम्हाला पायरीवर बसवलं, दोघांच्या अंगावर राखी शाली टाकल्या आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून भावाला म्हणाली, “काय रे, ही बसणार? ही तर उकळत्या दुधासारखी आहे.”

बसायचे नियम अण्णांनी कुजबुजत सांगितले. वारा तोंडावर हवा. पाठीवरून गेला तर आपला वास आपल्या आधी पोचतो. कळपातली म्हातारी मादी आधी येते. ती मान खाली घालेल, चरते आहे असं दाखवेल आणि झटकन वर बघेल. ते चरणं खोटं असतं. तेव्हा आपण हललो की संपलं. तिनं तिसऱ्यांदा मान घातली, शेपटी सैल हलली, की मग श्वास सोडायचा.

मी नियम वहीत लिहून घेतले. लिहून झाल्यावर पेनचं बटण दाबलं. टक्. अण्णांनी पेन काढून घेतलं.

सोमवारी काही आलं नाही. मंगळवारी बगळे. बुधवारी माकडं. भिंतीच्या आतल्या काटेसावरीवर बसून ती लाल फुलं खात होती आणि निम्मी खाली टाकत होती. एरवी त्या फुलांसाठी चितळं धावत येतात, अण्णा म्हणाले. पण फुलं तशीच पडून राहिली. मी पायरीवर बसून मनात तीन पत्रकं लिहिली, त्यातलं एक माकडांच्या नासाडीविरुद्ध.

“अण्णा, खरंच येत नसतील तर?”

“सुम्ने बस.”

गुरुवारी ऊन नुकतं भिंतीवर चढत होतं आणि खिंडारापलीकडच्या झुडपात एक कान हलला. फाटका कान. मग नाक, मग लांब मान आणि ठिपक्यांची अख्खी पाठ. म्हातारी मादी! तिच्या मागे आणखी पाय दिसत होते, किती ते मोजता येईना. ती खिंडाराच्या तोंडाशी आली आणि थांबली. पुढचा पाय उचलून तिनं जमिनीवर आपटला. मान खाली घातली, झटकन वर. पुन्हा पाय आपटला. कशाकडे बघते आहे ही? आम्ही तर दगड झालो होतो, वारा तोंडावर होता.

तेवढ्यात तो वारा जरा वाढला आणि माझं पत्रक फडफडलं. प्लास्टिकवर ऊन लखकन चमकलं. मादीची शेपटी ताठ उभी राहिली, पांढरी. शिट्टीसारखा एक तीक्ष्ण आवाज आणि सगळी झाडी खडबडून रिकामी झाली.

हरणांची वाट अडवू नका, असं तीन भाषांत सांगणारा कागद हरणांच्या वाटेत लोंबत होता.

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“सोमवारपासून.”

“मग सांगितलं का नाही?” माझा आवाज चढला.

“सांगितलं असतं तर तू माझ्याशी भांडली असतीस. तिच्याशी कशी भांडशील?” अण्णांनी शाल झटकली. “आज नसतं दिसलं, तर दुपारी मीच जाऊन काढणार होतो.”

मागून अक्का कॉफी घेऊन आली. “चार दिवस मीही बघत्ये की. मला वाटलं, तुमच्यात हरणांना वाचता येतं.”

मला राग यायला हवा होता. पण मी अशी हसले की कॉफी शालीवर सांडली. मग तळ्याला वळसा घालून गेले, पत्रक काढलं, दोरी काढली. ते घडी करून मी जर्किनच्या आत ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःचं पत्रक उतरवत होते. खिंडारातल्या मातीत खुरांचे ठसे होते, जोडीजोडीनं, अगदी दोरीपर्यंत येऊन वळलेले. चितळं चारही दिवस आली असणार, आधीचे तीन दिवस आम्ही पोचण्याआधी अंधारात.

शुक्रवारी कुणी आलं नाही. “तिथे तुझा वास आहे,” अण्णा म्हणाले. “एक दिवस दे तिला.” आता फक्त शनिवार उरला होता.

शनिवारी आम्ही सेक्रेटरींना बोलावलं. ते वेळेवर आले, पांढऱ्याशुभ्र ट्रॅकसूटमध्ये आणि करकर वाजणाऱ्या बुटांत. अक्कानं बूट काढायला लावले, किल्ल्यांचा जुडगा स्वयंपाकघरात नेला, फोन तांदळाच्या डब्यात घातला आणि त्यांना डोक्यापासून राखी शालीत गुंडाळलं. आम्हा तिघांना पायरीवर ओळीनं बसवून ती म्हणाली, “आता तुम्ही तिघं माझी गाठोडी. हलायचं नाही.”

अर्धा तास गेला. सेक्रेटरींनी दोनदा मनगट पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आज मी काटेसावरीकडे बघत होते. माकडं आली होती. एक फूल पडलं, थप्. दुसरं पडलं. ती पडताना गोल फिरत येतात, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदाच दिसलं. आणि फाटका कान खिंडारात उभा होता. कधी आला ते कळलंच नाही.

तिनं मान खाली घातली. सेक्रेटरींच्या तोंडून “अय्यो” असा श्वास निघाला आणि ते नीट दिसावं म्हणून उठायला लागले. चरणं खोटं होतं, अजून पहिलंच. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“सुम्ने इरी, सर,” मी म्हटलं.

ते बसले. मादीनं झटकन वर पाहिलं. आमच्या तिघांच्या अंगावरून तिची नजर गेली, ती मला कपाळावर जाणवली. मग दुसऱ्यांदा मान खाली. वर. तिसऱ्यांदा. शेपटी सैल हलली. मी श्वास सोडला आणि बाजूला अण्णांनीही सोडला.

मग ती आली. एकामागून एक, खिंडारातून, ठिपक्यांवर ठिपके. अकरा. दोन पाडसं आईच्या पोटाखालून पाण्यात डोकावत होती. एक मोठा नर, शिंगांवर अजून मखमल, झाडाखाली फुलं खात होता, आणि वरून माकड पुढचं फूल टाकेपर्यंत मान तिरकी करून वाट बघत होता. पाण्यावर त्यांच्या तोंडांची वर्तुळं उठत होती, एकमेकांत मिसळत होती. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. ओरडले नाही. ते न ओरडणं अंगभर गुदगुल्या झाल्यासारखं होतं.

ती गेल्यावरही सेक्रेटरींनी शाल काढली नाही. “मी इथे रोज चालतो,” एवढंच म्हणाले. मग अक्काकडून फोन घेतला, त्यातले तांदूळ झटकले आणि पायरीवरूनच भिंतीकडे हात करून अण्णांना कन्नडमध्ये काही विचारू लागले.

रविवारच्या मीटिंगमध्ये ते खरंच स्वतः बोलले. बिबट्याची भीती खोटी नव्हती, म्हणून भिंत होणारच होती. पण ती तळ्याच्या अलीकडून न्यायची, म्हणजे घरंही आत राहतील आणि तळं जंगलाकडे, असं त्यांनी सुचवलं. तळ्याभोवतीचं चालणं गेलं म्हणून काही जण कुरकुरले. सगळ्यात जास्त चालणारे सेक्रेटरीच होते, त्यामुळे कुरकुर टिकली नाही. नव्या भिंतीत अक्काच्या पायरीसमोर बसल्या जागेवरून दिसेल अशी एक जाळीची खिडकी आहे. खिंडार आजही तसंच आहे. मुळात तळ्यापलीकडे भिंत न्यायला कुणी सांगितलं होतं, हा प्रश्न मी अजून सोडलेला नाही, अण्णांनी कितीही कॉफी पाजली तरी.

पत्रकं मी अजूनही लिहिते. नवं पत्रक जिन्याखालच्या भिंतीवर आहे. त्यात उद्गारचिन्ह नाही. शनिवार, पहाटे, अकरा चितळं, दोन पाडसं, एक फाटका कान, एवढंच. वडिलांना फोटो पाठवला तर म्हणाले, “मागणी कुठे आहे यात?”

मागणी इथे करते, तुमच्याकडे. तुमच्या घराजवळ एखादं तळं, नाला, पडीक जागा असेलच, जिच्याबद्दल तिथे काही येत नाही असं लोक सांगतात. या आठवड्यात एका पहाटे तिथे जा. फोन तांदळाच्या डब्यात ठेवा. वारा तोंडावर घेऊन तासभर सुम्ने बसा. जे आलं ते घरी येऊन कागदावर लिहा आणि तुमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये उभं राहून वाचा. फक्त तो कागद येणाऱ्यांच्या वाटेत टांगू नका.