निशाचं माप

पुंडलिकनगरच्या एका गल्लीत 'निशा लेडीज टेलर्स' अशी पाटी आहे. वर लेकीचं नाव, खाली आईचा मोबाईल नंबर. पाटी रंगवली तेव्हा निशा रांगत होती, आता आठवीत आहे. पाटीमागच्या खोलीत मशीन चालवणारी तिची आई सत्यभामा हिला मात्र तेव्हाही स्वस्थ बसता येत नव्हतं आणि आताही येत नाही. बाही जोडता जोडता उठून ती दूध बघणार, दूध बघता बघता दारातून गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकून येणार. नवरा बन्सी शेंद्र्याच्या कंपनीत पाळीवर. घरी आला की आडवा होतो. त्यामुळे घरातला सगळा घोर हिच्याच वाट्याला, आणि तो तिनं कधी कुणाला वाटूनही दिला नाही.

धंद्यात मात्र बाई एकदम चोख. तिची मापाची वही कुणी उघडू शकत नाही. सासूचं माप सुनेला सांगणार नाही, बहिणीचं बहिणीला नाही. एकदा एका नवऱ्यानं बायकोला अचानक ड्रेस द्यायचा म्हणून लाडीगोडीनं माप मागितलं, तर तिनं त्याला हात हलवत परत पाठवलं. 'माप म्हणजे बाईची अमानत असती, दादा,' एवढंच बोलली आणि पायडलवर पाय ठेवला.

मध्यंतरी शाळेत पालकांची सभा झाली. मोबाईलवरून पोरांना कोण कसं फसवतं ते तिथल्या सरांनी सांगितलं, आणि आधीच भिरभिरणाऱ्या या बाईच्या पायाला जणू चाकंच लागली. घरी येताच निशाच्या मोबाईलचा पासवर्ड घेतला. रोज संध्याकाळी चष्मा लावून लेकीचे मेसेज वाचायचे, हा नेम सुरू झाला. गृहपाठ, मैत्रिणींची खिदळाखिदळी, केकचे व्हिडिओ, बाकी काही सापडेना. सापडत नाही म्हटल्यावर तर हिचा जीव जास्तच वरखाली. शेवटी तिनं ठणकावून सांगितलं की एक जरी वावगा मेसेज दिसला तरी मोबाईल कायमचा बंद. निशानं मान डोलावली. आपण लई शहाणपणा केला, असं सत्यभामाला वाटलं.

आपल्या स्वतःच्या मोबाईलकडे संशयानं बघायचं तिला सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दुकानाचं ऑनलाइन पान होतं, कुणालाही उघडून बघता येणारं, आणि त्यावरची बिनपगारी मॉडेल होती निशा. शाळेच्या गणवेशात निशा, खिशावरच्या शाळेच्या नावासकट. चौदा एप्रिलसाठी शिवलेल्या पांढऱ्या, निळ्या काठाच्या फ्रॉकमध्ये निशा.

त्या फ्रॉकवरूनच सोमनाथ नावाच्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला. करमाडचा आहे, मुलगी निशाएवढीच, आई अंथरुणाला खिळलेली, माप द्यायला कोण आणणार. निशाच्याच मापानं शिवा, फक्त मापं लिहून पाठवा, घरी ताडून बघतो. त्याच्या नावाशेजारच्या फोटोत एक मुलगी हसत होती. आजारी आईची पोर म्हटल्यावर सत्यभामाचं काळीज पाघळलं. तिनं वही उघडली आणि खांद्यापासून घेरापर्यंत निशाची सगळी मापं त्याला पाठवून दिली. दुसऱ्या कुणाचीही असती तर जीव गेला तरी दिली नसती. स्वतःच्या पोरीचं माप आपलंच, त्यात विचारायचं काय, असा तिचा हिशेब.

फ्रॉक झाला तशी त्यानं निशाला घालून फोटो पाठवायला सांगितलं. निशा नको म्हणाली. दोनदा म्हणाली. फोटोपुरता घाल, गिऱ्हाईक खोळंबलंय, म्हणून आईनं तिला रागावून उभं केलं आणि फोटो धाडला.

बुधवारी दुपारी त्याचा परत मेसेज. फ्रॉक द्यायला निशालाच पाठवा, गारखेड्याच्या ट्यूशनला ती पाचला जातेच, तिथल्या कोपऱ्यावर घेतो.

सत्यभामाचा पाय पायडलवरच थांबला. ट्यूशनचं तर ती बोललीच नव्हती. पहिला संशय आला तो लेकीवर. निशा शाळेतून येऊन जेवत होती. ताटावरूनच तिला उठवलं, कुणाशी बोलतेस, ह्याला वेळ कुणी सांगितली, म्हणून दंडाला धरून हलवलं. निशा रडली नाही. तिनं आईचा मोबाईल घेतला आणि दुकानाच्या पानावरचा जूनमधला फोटो उघडून समोर धरला. परीक्षेत पहिली आली म्हणून सत्यभामानंच ट्यूशनच्या दारात काढलेला. मागच्या फलकावर पत्ता, इयत्ता, वेळ, सगळं वाचता येत होतं.

मग निशानं सोमनाथचा मेसेज उघडला आणि ती हसरी मुलगी बघून तिचा चेहरा उतरला. हाच फोटो लावलेल्या माणसानं महिन्यापूर्वी तिलाही मेसेज केला होता, मैत्री करू म्हणून. तिनं त्याला ब्लॉक केलं होतं आणि घाबरून सगळं पुसून टाकलं होतं.

"मला का नाय सांगितलंस?"

"तू मोबाईल काढून घेतला असतास."

 त्या माणसापेक्षा त्या क्षणी सत्यभामाला स्वतःची जास्त भीती वाटली. मग ती सगळं डिलीट करायला निघाली, तर निशानं हात धरला. पुसू नको, मी तीच चूक केली, हे दाखवायला लागेल, असं तेरा वर्षांची पोर आईला समजावत होती.

दोघी चपला घालून तशाच पोलीस ठाण्यात गेल्या. ओढणी मशीनवरच राहिली होती. रत्नमाला नावाच्या महिला हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं, मेसेज जपून ठेवायला सांगितले, त्याला उत्तर द्यायचं नाही म्हणाल्या, आणि लिहायला घेतलं. शेजारच्या बाकावर गल्लीतल्याच बानाबाई बसल्या होत्या, भाडेकरूची नोंद करायला आलेल्या. त्यांच्या घरातल्या चार बायकांचे ब्लाउज सत्यभामाकडेच शिवले जात. बानाबाईंच्या कानावर पडलेली गोष्ट दिवेलागणीच्या आत गल्लीभर होते.

हवालदारबाईंनी वर न बघताच विचारलं, "मापं मुलीनंच पाठवली असतील ना? पोरी भोळ्या असतात."

निशानं मान खाली घातली.  आईला सांभाळून घ्यायची तिची ती तयारी सत्यभामाला कळली. नुसतं गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. दुकान वाचलं असतं, वहीची इज्जत वाचली असती.

"नाय मॅडम," ती म्हणाली, बानाबाईंना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट. "मी पाठवली. फोटो पण मीच. ती नको म्हणत व्हती, मी जबरदस्तीनं उभी केली. पोरीचा काही गुन्हा नाय, असं लिहा."

पेन थांबलं, मग पुन्हा चालू लागलं. सत्यभामा टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. बानाबाईंकडे बघायची हिंमत नव्हती.

निशा खुर्ची सरकवून आईला चिकटली. 

"मम्मी, अजून एक सांगू? रागावणार नाय ना?"

"सांग."

"माझ्या वर्गातल्या प्रांजलीला पण त्याचे मेसेज येतात. तिनं नाय ब्लॉक केलेलं. ती बोलते त्याच्याशी. घरी मारतील म्हणून कुणाला सांगत नाय."

बाकावर हातातला फॉर्म तसाच धरून बानाबाई उभ्या राहिल्या. प्रांजली त्यांची नात होती.