चौघांना पुरून उरणारं तळं

तरणतलावावर तिला सगळे सुसर म्हणायचे. नाव पोरांनी ठेवलेलं, पण तिलाही ते आवडायचं. उंच खुर्चीवर ती तासन्‌तास बसायची आणि फक्त तिचे डोळे फिरायचे. पोहणाऱ्या कुणाची लय जराशी बिघडली, की बाकीच्यांना कळायच्या आत ती पाण्यात असायची. मी शिंपीण. माझं दुकान तलावासमोरच, त्यामुळे तिचे गणवेश माझ्याकडेच यायचे. त्यांचा उजवा खिसा सारखा उसवायचा. एकदा तो उलटा केला तर आतून सात फासे निघाले. एक चार बाजूंचा, एक आठ, आणि एकाला तर चांगल्या वीस बाजू.

"हे काय गं?" मी विचारलं.

"राक्षसांचं सामान," ती म्हणाली. "रविवारी दुपारी ये, दाखवते."

त्या रविवारी मी तिच्या घरी टेबलाशी जाऊन बसले, ती बसलेच.

खेळ तसा सोपा. सुसर गोष्ट चालवायची आणि आम्ही चौघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचो. काय करायचं ते आम्ही सांगायचं, जमलं की फसलं ते फासा सांगायचा. मी तिरंदाज. निवृत्त पोस्टमनकाका ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे. कोपऱ्यावरचा केमिस्ट जादूगार. आणि सुसरची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांचीच ताई, जखमा भरणारी वैदीण. राक्षस मात्र सगळे सुसरचे. चौकटीच्या वहीत ती ते मांडायची: जीव किती, नखं किती, कशाला भितो, कशाने चिडतो.

टोळ्या तिला छान जमायच्या. लांडग्यांचा कळप असो की दलदलीतले चोर, आमची दाणादाण उडायची. पण तिला ओढ होती एकट्या राक्षसाची. "सगळ्यांची नजर एकावरच लागली पाहिजे," ती म्हणायची. "तो पडल्यावर खोली रिकामी वाटली पाहिजे."

तिचा पहिला एकटा राक्षस दगडाचा होता. महिनाभर खपून तिने त्याच्या गुहेचा नकाशासुद्धा काढला होता. तो आला, गरजला, काकांवर एक मूठ उगारली. मग आमच्या चौघांच्या चार पाळ्या झाल्या आणि त्याची दुसरी पाळी यायच्या आतच तो कोसळला. काकांना इतकं वाईट वाटलं.

"उठव गं त्याला," ते म्हणाले. "आम्ही बघितलंच नाही असं समजू."

पुढच्या वेळी तिने राक्षसाला तिप्पट जीव दिला. तो मरता मरेना. त्याला मारत राहणं म्हणजे ओला गालिचा बडवणं. तिसऱ्या तासाला केमिस्ट मुठीत फासा धरून बसल्या बसल्या पेंगला. सुसरने वही मिटली आणि बरेच दिवस नवा राक्षस आणला नाही.

मग एका सकाळी ती खुर्चीवर बसली होती. हे तिनेच मला नंतर माप देता देता सांगितलं. ऊन काचेच्या छपरातून येत होतं आणि तलावाच्या तळावर त्याची जाळी हलत होती. पाण्यात चाळीसएक माणसं होती. तिच्या लक्षात आलं, की आपण कधी आपली पाळी यायची वाट बघत नाही. एकाने सूर मारला की आपली मान वळते, दुसरा दोरीला लटकला की बोट उठतं, तिसरी थकली की आपण खुर्चीच्या कडेला सरकतो. चाळीस जण, आणि प्रत्येकाच्या हालचालीला आपली एक बारकी हालचाल. "तेव्हा मला वाटलं, मीच एकटा राक्षस आहे," ती म्हणाली आणि हसली. "आणि मला अजून कुणी हरवलेलं नाही."

त्यातून तिचं तळं झालं. तळ्यात राहणारं कुणी नव्हे, तळंच. आमच्यातल्या प्रत्येकाच्या पाळीनंतर ते एकदा हलायचं. कधी घोटा पकडायचं, कधी बाण वाहवत न्यायचं. घाव बसले की आटायचं, पण आटेल तसं चपळ व्हायचं. आणि मोठी लाट येण्याआधी पाणी एकदम गप्प व्हायचं, म्हणजे सावध असणाऱ्याला ती ओळखता यावी.

तळं पहिल्यांदा आलं त्या रविवारी पडदे अर्धे ओढलेले होते. सुसर हळू आवाजात सांगत होती आणि ती खोली मला खरोखर ओलसर वाटायला लागली. काका कमरेपर्यंत पाण्यात होते, केमिस्टची जादू विझत होती, माझा भाता रिकामा होत आला होता. कुणाला पेंग येण्याचा प्रश्नच नव्हता.

ताईने फासा खाली ठेवला.

"हे तळं माझ्या वाटेला का जात नाही?"

"तू मागे उभी आहेस ना," सुसर म्हणाली.

"मी मागे नाही. मी गुडघाभर पाण्यात आहे. मघाशीच सांगितलं."

सुसर वहीकडे बघत राहिली. भावजी, म्हणजे ताईचे यजमान, जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून दोघी बहिणी एकत्र राहायच्या, आणि आम्ही सगळेच ताईशी जपून बोलायचो. तिच्यासमोर दारसुद्धा हळू लावायचो. तिने काही चुकीचं सांगितलं तरी हो म्हणायचो. ती गप्प गप्प होत गेली, तर आम्ही म्हणायचो, वेळ लागतो.

"वर्षभर सगळे मला चमच्याने भरवताय," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "निदान या खोट्या तळ्याने तरी मला माणसात धरावं."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग सुसरने वीस बाजूंचा फासा उचलला आणि एरवी लपवून टाकायची तो सगळ्यांसमोर टाकला. एकोणीस पडले.

"ते तुला ओढतंय," ती म्हणाली. "डोक्यावरून पाणी गेलं."

"खाली काय आहे?"

सुसरने वही चाळली. "ते मी लिहिलेलं नाही. तूच सांग."

ताईने डोळे मिटले. "शांत आहे," ती म्हणाली. "वरून उजेड येतोय, पण मऊ, दुधासारखा. तुम्हा तिघांचे पाय दिसताहेत. काकांचा डावा बूट फाटलाय. खाली एक खोली आहे. आत कुणीतरी दिवा लावून बसलंय, मला पाठ दिसते." ती थांबली. "मी आत जात नाही. दारात उभी आहे. तिथून बरं दिसतं."

"मग?" केमिस्टने विचारलं.

"मग काही नाही. पाळी कुणाची आहे?"

त्या दिवशी आम्ही सपशेल हरलो. काका शेवटी पडले. चहा गार झाला होता, तो तसाच प्यालो. ताईने स्वतःच्या मेलेल्या वैदिणीची माहिती लिहिलेला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी बघते या तळ्याकडे." वर्षभरात तिने पुढच्या कशाबद्दल बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मेलेले सगळे पुढच्या रविवारी पुन्हा उभे राहायचे; तळं हरायला आणखी दोन रविवार लागले. पाणी गप्प झालं की आपण हलायचं, हे ताईनेच हेरलं. शेवटी ते ओंजळभर उरलं होतं आणि पालीसारखं सळसळत होतं. माझ्या बाणाने ते संपलं. सुसर म्हणाली तशी खोली खरंच रिकामी वाटली.

त्यानंतर ताईने वही मागितली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. तिथल्या जेवणाच्या सुट्टीत तिने आपला राक्षस मांडला. तो काचेचा होता. त्याच्या आरपार पलीकडचं दिसायचं, पण थोडं सरकलेलं, त्यामुळे वार नेहमी बाजूला पडायचा. सुसरला पहिल्यांदाच आमच्या बाजूला बसावं लागलं. आपण कोण व्हावं हे तिला ठरवता येईना. शेवटी ती नावाडी झाली, आणि दुसऱ्याच फेरीत आडवी पडली.

"ताई, बघून तरी मार," ती म्हणाली.

"बघूनच मारलं," ताई म्हणाली आणि काकांकडे वळली.

उरलेली दुपार सुसरला काहीच काम नव्हतं. तिने हातांची उशी करून टेबलावर डोकं टेकलं आणि आमची लढाई ऐकत पडून राहिली.