चैत्रातला डाग

पाडव्याला लोक कडुनिंबाची चिमूटभर चटणी जिभेला लावतात, गुळाचा खडा तोंडात टाकतात आणि जेवणाच्या तयारीला लागतात. आमच्या घरी पाडवा म्हणजे नुसती सुरुवात. पुढे चैत्रभर सासूबाई कोवळा पाला पाट्यावर वाटायच्या, त्यात मिरी, हिंग, मीठ घालायच्या आणि पेलाभर रस रोज अनशापोटी पाजायच्या. पाजायच्या म्हणजे अक्षरशः पाजायच्या. एका हाताने गालफडं अशी दाबायची की तोंड आपोआप उघडलं पाहिजे. गिळलं नाही तर नाक धरायचं. ओकलं तर पाठीत धपाटा आणि वर दुसरा पेला.

मी अलिबागची, मुरुडजवळच्या कोळीवाड्यात दिलेली. पहिल्या वर्षी मी तो रस त्यांच्या लुगड्यावरच थुंकले. त्यांनी माझ्या कानफटात वाजवली. मी पेला भिंतीवर फेकून मारला. नवरा सोडवायला आला, तर आम्ही दोघींनी मिळून त्याला ओटीवर हाकलला. त्या दिवसापासून आमचं जमलं म्हणायला हरकत नाही.

त्यांचं वैद्यक सोपं होतं. "थंडीभर दाबून खाल्लाव, आता ऊन लागला का छातीतला कफ सुटतो," त्या म्हणायच्या. "तो काय पाया पडून जातो व्हय? त्याला मारून काढायला लागतो." म्हणून दही बंद. दुपारची झोप बंद. कोणी डोळा मिटलाच तर तोंडावर तांब्याभर पाणी. आंघोळीआधी मसुराच्या पिठाचं कोरडं उटणं, तेही खरकटी कढई घासावी तसं, कातडी लाल होईस्तोवर. नवरा भर समुद्रात वादळाला भीत नसे, पण उटण्याचं ताट दिसलं की मागच्या दाराने पळायचा. त्याला केस धरून आणलेला मी पाहिला आहे. खोटं कशाला बोलू, सर्दीपडसं त्या घरात फार दिवस मुक्काम करत नसे.

माझी मुलगी नुकती बसायला लागली होती तेव्हाचा चैत्र मात्र वेगळा. तिला खोकला झाला. तिच्यापुरता सासूबाईंचा हात मऊ होता. टाळूवर वेखंड, उशाशी ओव्याची पुरचुंडी, आणि नागवेलीचं पान तेल लावून दिव्यावर शेकायचं, आपल्या गालाला लावून बघायचं आणि मग तिच्या छातीवर ठेवायचं. मीही निर्धास्त राहिले. पण खोकला हटेना. एका दुपारी ती दूध ओढेनाशी झाली. श्वासागणिक नाकपुड्या फुलत होत्या आणि बरगड्यांखाली पोट आत खेचलं जात होतं. मी म्हणाले, "आई, हिला दवाखान्यात नेऊ या." त्या म्हणाल्या, "बघते मी."

मी दुपटी काढायला परसात गेले. परत आले तर सासूबाई चुलीपुढे बसलेल्या. हातात पकड, पकडीत जुन्या होडीच्या फळीतून काढलेला तांब्याचा खिळा, आणि खिळ्याचं टोक लाल. आमच्या वाडीत जुनी माणसं पोराची छाती भरली की पोटावर डाग देतात. आतला कफ चटक्याला भिऊन पळतो म्हणे. ऐकून माहीत होतं, पण आपल्या घरात, आपल्या पोरीला, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. बोटीचं इंजिन दुरुस्तीला गेल्यामुळे नवरा घरीच होता. तो पोरीला मांडीवर घेऊन, तिचे दोन्ही पाय मुठीत धरून बसला होता. झबलं गळ्यापर्यंत वर केलेलं.

माझ्याकडे बघून त्याने आपली बंडी उचलली. बेंबीच्या भोवती जुने, चकचकीत व्रण. लग्नानंतर विचारलं तेव्हा लहानपणी भाजलं म्हणाला होता. "मला बी दिल्यात," तो म्हणाला. "मेलो का मी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सासूबाईंचं मनगट धरलं. त्यांनी दुसऱ्या हाताने माझे केस ओढले. मी त्यांच्या मनगटाला चावले, रक्त तोंडात येईपर्यंत चावले. पकड सुटली आणि खिळा माझ्या पावलावर पडला. मांस चर्रकन वाजलं, वासही आला, दुखलं मात्र नंतर. पोरीला एका हाताने छातीशी धरून नवऱ्याने उठून मला ढकललं. मी पडले ती मासळी कापायच्या कोयत्याशेजारी. उठले ती तो हातात घेऊनच.

"पोर खाली ठेवा," मी त्याला म्हणाले. "नाही तर हात तोडीन. तुमचे आणि त्यांचेही." थट्टा नव्हती. तोडले असते.

त्याने तिला गोधडीवर ठेवलं. सासूबाई रक्ताळलेलं मनगट धरून उभ्या होत्या. ओरडतील वाटलं, पण आवाज अगदी खाली आला. "ह्याच्या आधी एक झालेला मला," त्या म्हणाल्या. "असाच धापत व्हता. सासू खिळा घेऊन आली तर मी बी अशीच आडवी पडलो. हात लावून दिला न्हाय. संध्याकाळी गेला तो. मीच मारला त्याला. आता तू हिला मार."

हा पहिला मुलगा मला ठाऊकच नव्हता. घरात त्याचं नाव कधी कोणी काढलं नव्हतं. मी घाबरले. चुलीला, खिळ्याला, त्यांनाही भ्याले नव्हते तेवढी त्या एका वाक्याला भ्याले. माझ्या हट्टापायी ही गेली तर?  एवढ्यात पोरगी कण्हली. मी कोयता टाकला, तिला उचललं आणि धावत सुटले. नाक्यावर रिक्षा मिळाली; ती सुरू होता होता नवरा अनवाणी येऊन आत बसला. वाटेत त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला, तो मी झटकून टाकला.

दवाखान्यात न्यूमोनिया म्हणाले. नळी लावली, सुया टोचल्या. एवढ्याशा हाताला शीर सापडेना, तेव्हा तिला दाबून धरायचं काम माझ्याकडे आलं. ती किंचाळत होती आणि मी धरून होते.

सासूबाई आल्या त्या ती पुन्हा दूध ओढायला लागल्यावर. एकट्या, एसटीने, मनगटावर हळदीची चिंधी. मी भांडणाच्या तयारीत बसले. त्या थेट खाटेशी गेल्या. पोरीचं झबलं वर केलं आणि पोटावरून तळवा फिरवला, परत फिरवला.

"डाग दिला न्हाय?"

"नाही."

"आन दूध पिते?"

"पिते."

त्या खाली फरशीवर बसल्या आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागल्या. या गालावर, त्या गालावर, शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली तरी थांबेनात. मी त्यांचे हात धरले. धरवेनात.

"तवा बी व्हता गो ह्यो दवाखाना," त्या म्हणाल्या. "सासूला अडवली, त्यातच जिंकलो वाटला मला. पोराला मांडीवर घेऊन बसून ऱ्हायलो."