नझीरची तीन बोटं

नझीर परकार दाभोळच्या खाडीकाठचा. खाडीची भरती सावकाश चढते आणि मग कुणाच्या बापाला आवरत नाही, तशी त्याची बढाई. कुवेतमध्ये, फिंतासला, तो अबू सालेमची गाडी चालवी आणि संध्याकाळी त्याच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, चहा फिरवी.

त्या हिवाळ्यात अबू सालेमनं अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जायचं काढलं. तेही नव्या मागवलेल्या ठासणीच्या बंदुकीनं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी ठासायची. गोळी गोल बरी की लांबट, दारू किती, यावर बैठक तापली. त्यातल्या एकानंही आयुष्यात कोंबडी मारली नव्हती.

नझीरनं किटली खाली ठेवली आणि मालकाकडे वळला.

"बाबा, शेतात घुसणारी रानडुकरं माझ्या बापानं अशाच बंदुकीनं लोळवली. गोळी गोल, तिच्याखाली तेलकट चिंधी. आणि दारू तीन बोटं."

दारू नळीत गेली की ठासायचा गज नळीबाहेर जेवढा जास्त वर येई, ते अंतर बोटांनी मोजायचं. गावाकडचं माप.

कुणीतरी सरकून जागा दिली. त्या दिवसापासून नझीर गादीवर आणि चहा फिरवायला अबू सालेमचा जावई!

महबूला भागातल्या आपल्या खोलीवर येऊन नझीरनं गावी बायकोला, रबियाला, व्हिडिओवर सगळं रंगवून सांगितलं. ती मासे साफ करत होती.

"तुम्ही? डुक्कर दिसलं की तुम्ही आंब्यावर चढायचात. अब्बाच सांगायचे."

"माप तर ठाऊक आहे ना!"

"कुणाच्या बोटांचं? अब्बांची बोटं बोंबलासारखी. तुमची बघा, नुसती केळी. आणि ती घरी कुटलेली दारू निम्म्या वेळा शिंकून गप्प बसायची. दुकानातली तशी असेल? नळी फुटली तर त्या माणसाला डोळा तुम्ही देणार?"

"खरं सांगितलं तर गादी जाईल गं."

"जाऊ दे. घरी चटई आहे."

अबू सालेमचं विमान परवा होतं. दुसऱ्या संध्याकाळी भरल्या बैठकीत नझीर उभा राहिला. घसा दोनदा खाकरला.

"बाबा, माझी बोटं विसरा. मी ती बंदूक कधी भरलीच नाही. बनवणाऱ्यानं लिहिलंय तेवढीच दारू घाला, तीसुद्धा मापानं."

"आणि डुकरं?"

"ती बापानं मारली. मी झाडावर होतो."

बैठक हसून आडवी झाली. मग जो तो म्हणू लागला, मला आधीच शंका होती. कालपर्यंत हीच मंडळी बाहेरच्यांना तीन बोटं दाखवत फिरत होती. जावयानं किटली नझीरच्या हाती दिली आणि इतक्या मनापासून अल्लाचे आभार मानले, की नमाजातही कधी मानले नसतील.

अबू सालेम तेवढा हसला नाही. बंदुकीसोबत आलेलं पत्रक त्यानं आतून मागवलं. ते अजून पाकिटातच होतं. त्यानं पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि वाचू लागला. एका ओळीपाशी थांबला: मापापेक्षा जास्त दारू घातली तर नळी फुटेल. ती पुन्हा वाचली.

"नझीर," तो हळूच म्हणाला, "माझ्या चहात साखर जरा जास्त घाल."