चालत्या गाडीला पाना

आमचे कापड विणायचे लूम भंगारात गेले त्या दिवसापासून माझे हात शिवशिवतात. वीस वर्षं मी त्या शेडमध्ये काढली. कुठल्या लूमचा आवाज बदललाय हे मला घरात जेवताना कळायचं, आणि हातातला घास टाकून मी पाना घेऊन धावायचो. पुढे तीच शेड गोडाऊनला भाड्याने दिली. आता तिथे कुणाच्या तरी मालाची खोकी येतात, जातात, आणि मला कुणी काही विचारत नाही. भिवंडीजवळच्या आमच्या दापोड्यात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. ते दारात खुर्ची टाकून कंटेनर बघत बसतात आणि दुपारी झोपतात. मला नाही जमलं. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तसा मी लष्कराने मोडीत काढलेला एक ट्रक लिलावातून घरी आणला.

बायकोने अंगणातून त्याच्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "हा कुठं बांधाचा?"

लष्करी हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही, म्हणून गोडाऊनच्या शटरचा उरलेला निळा त्याला फासला. तेव्हापासून गाव त्याला 'शटर' म्हणतं. म्हणेनात का! तीन वर्षांत त्याचा एक नट मी असा ठेवला नाही जो निदान दोनदा खोलला नाही. ब्रेक, क्लच, रेडिएटर, सगळं. त्यातलं निम्मं खोलायची गरज नव्हती. हे मला आज कळतं. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो.

मग मेव्हणीच्या मुलीचा साखरपुडा आला. मेव्हणी अंबाडीला राहते. सकाळी मी गिअरबॉक्स उतरवला होता. बायको नवी साडी नेसून बाहेर आली तेव्हा मी गाडीखालूनच म्हणालो, "तू हो पुढे, मी येतोच." ती रिक्षाने एकटी गेली. संध्याकाळी परत आली तेव्हाही मी गाडीखालीच होतो. तिने पेढ्यांचा पुडा जॅकच्या बाजूला ठेवला आणि आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस ती काहीच बोलली नाही, आणि मला ते ट्रकच्या कुठल्याही बिघाडापेक्षा जड गेलं.

तिसऱ्या दिवशी ती मला गावदेवीच्या देवळात घेऊन गेली आणि नारळावर माझा हात ठेवला. "या रविवारी हीच गाडी घेऊन बहिणीकडं जाऊ. वाटेत बंद पडली तर सोमवारी भंगारवाला येल. न्हाय पडली, तर मी पुन्ना कवा काय बोलणार न्हाय."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण ट्रक गेला तर मीही खुर्ची टाकून बसणार, हे मला दिसत होतं.

रविवारी सकाळी निघालो. ती मांडीवर बहिणीसाठी केलेल्या वड्यांचा डबा घेऊन शेजारी बसली. भिवंडी ओलांडून वाडा रोडला लागेपर्यंत शटर झकास चालला. चालला, हेच मला सहन होईना. एकदा ब्रेकचा वास आला म्हणून उतरलो. वास पुढच्या कंटेनरचा होता. एकदा चाकाचे नट बघायला उतरलो. ते घट्ट होते. पुन्हा निघालो, आणि मग तो आवाज आला. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"काय?"

"टक टक वाजतंय. इंजिनात आहे."

"मना काय न्हाय आयकू येत. चला."

मी नाही ऐकलं. डिझेलच्या फिल्टरमध्ये कचरा असणार, म्हणून गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि चालत्या गाडीचा फिल्टर खोलला. आत डिझेल एकदम स्वच्छ. पटकन पुन्हा बसवला आणि स्टार्टर मारला. इंजिन नुसतं फिरलं. पुन्हा मारला. तरी नाही. घाईघाईत मी लाइनमधली हवा काढायलाच विसरलो होतो. शिकाऊ मेकॅनिकदेखील ही चूक करणार नाही. रागाने मी स्टार्टर मारतच राहिलो, बॅटरी उतरायला लागली, आणि मागून एक ड्रायव्हर ओरडला, "चाचा, साइड में लो ना!" मला त्याच्यावर धावून जावंसं वाटलं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. खाली पंपाला एक छोटी मूठ असते, ती कुणीतरी दाबत राहायची आणि वर दुसऱ्याने स्क्रू सैल करून हवा सोडायची. या गाडीत एकाचे हात दोन्हीकडे पोचत नाहीत. मी काही बोलायच्या आत बायकोने डबा सीटवर ठेवला, पदर खोचला आणि खाली उतरली.

"कुठं दाबाचा?"

मी दाखवलं. ती दाबत राहिली. वर आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. तिचा हात कोपरापर्यंत डिझेलने माखला. स्टार्टर मारला आणि शटर धडधडला.

आत बसल्यावर मीच म्हणालो, "हरलो. सोमवारी बोलाव त्याला."

तिने हात पुसले. "बंद पडली कुठं? ती चालली होती. तुम्ही पाडलात." मग माझी पान्यांची पेटी ओढून तिने आपल्या पायाखाली घेतली. "गाडी ऱ्हाऊ दे. ही माझ्याकडं. पायजे तवा मागाची, कशाला पायजे त्ये सांगून."

अंबाडीला मी चार तास बसलो. साखरपुड्याचे फोटो पाहिले, जावयाचं कौतुक ऐकलं, दोनदा चहा प्यायलो. हात मांडीवर कसे ठेवतात तेच मला आठवत नव्हतं. पण उठलो नाही.

परतीच्या वाटेवर, अंबाडी मागे पडल्यावर, पुन्हा तो आवाज सुरू झाला. टक. टक. मी दात आवळून गाडी चालवत राहिलो. शेवटी विचारलंच, "खरंच ऐकू येत नाही तुला?"

"येतंय. सकालपासून येतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही खोललं असतं," ती म्हणाली, आणि पेटीवरचे पाय तिने जरा आणखी घट्ट रोवले.

इतक्या वर्षांत असं आणखी काय काय ऐकून ती गप्प बसली असेल, हे विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. टक टक घरापर्यंत वाजत होतं.