काळ्या शाईचा नकाशा

लाल आणि हिरवा हे रंग मला वेगळे दिसत नाहीत. हे मला कळले ते नागपुरात, बी. ए.च्या पहिल्या वर्षी, भूगोलाच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला. तोपर्यंत मी स्वतःला निष्काळजी समजत होतो. घरचे तसे म्हणत, आणि घरच्यांचे खोटे असेल असे त्या वयात वाटत नाही.

आमचा संत्र्याचा बगीचा काटोलकडे. तोडणीच्या दिवसांत माझ्या टोपलीत पिकल्या फळांबरोबर हिरवी फळे हमखास निघत. वडील टोपली जमिनीवर ओतत, हिरवी फळे बाजूला काढत आणि सर्वांदेखत म्हणत, "याचं ध्यानच नाही कामात." बगीच्यात माझा उपयोग नाही असे ठरवूनच त्यांनी मला शिकायला पाठवले. अट एकच होती : एकदा जरी नापास झालो, तरी पुस्तके बंद आणि गावी परत. भूगोल मी निवडला, कारण शाळेत नकाशापुढे उभा राहिलो की मास्तरांनी हाक मारीपर्यंत मी हलत नसे. याहून मोठे कारण नव्हते.

पहिल्याच महिन्यात भारतातील वनांचा नकाशा रंगवायला मिळाला. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा, वर्ध्याकडचा मित्र शेजारी बसला होता. तो वाकून पाहू लागला.

"काहून गा, अख्ख्या जंगलाले आग लावून राहिला का?"

वर्ग हसला. मी म्हणालो, हिरव्यानेच तर रंगवले आहे. त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेऊन पाहिली. संध्याकाळी खोलीवर त्याने दोन पेन्सिली माझ्यापुढे धरल्या. "सांग, लाल कोन्ती?" मी उजवीकडची दाखवली. त्याने पेन्सिलींची अदलाबदल करून पुन्हा विचारले. मी पुन्हा उजवीकडचीच दाखवली.

"संत्र्याच्या बगीच्यातला माणूस, अन् तुले संत्रं कळत नाही!" तो हसत सुटला. "बापानं तुले शिकाले नाही पाठवलं गा, बगीचा वाचवाले पाठवलं."

मग पाते घेऊन तो बसला आणि प्रत्येक पेन्सिलीच्या मागच्या टोकाला त्याने खाचा पाडल्या. हिरवीला एक, तपकिरीला दोन, लालला तीन. त्यानंतर माझ्या नकाशांतली जंगले जळाली नाहीत.

छापील नकाशाला मात्र खाचा पाडता येत नाहीत. स्थलनिर्देशक नकाशावर समान उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी असतात, वाटा लाल, जंगल हिरवे. मला ते सारे एकाच रंगाचे जाळे दिसे. वर्गातली प्रत तर हाताळून झिजलेली होती. एका टेकडीचे छेदचित्र काढताना मी बैलगाडीची वाट समोच्च रेषा म्हणून मोजली, आणि टेकडी उंच झाली.

प्रात्यक्षिकाचे सर शहरातल्या सदर भागातून सायकलने येत. ते कधी हसल्याचे कोणाला आठवत नसे. त्यांनी माझे चित्र पाहिले.

"टेकडी वाढवलीत. कशी?"

मी रेषा दाखवली. त्यांनी तिच्यावर बोट ठेवून चालायला सांगितले. बोट एका गावापाशी आले आणि रेषा दुभंगली.

"समोच्च रेषेला फाटे फुटतात?"

"नाही, सर."

"मग आपण कशावरून चालला आहात?"

त्यांनी टेबलावरची माझी लाल पेन्सिल उचलली. तिच्या खाचांवरून अंगठा फिरवला आणि ती जागेवर ठेवली. "उद्या तासानंतर भेटा."

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "विषय बदलायचा असेल तर या आठवड्यात बदलता येईल. अर्जावर मी सही करीन. राहायचे असेल तर रंगाचा आधार सोडावा लागेल. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे वर्षात नापास, हे ध्यानात घ्या. काय करता?"

"राहतो, सर."

"ठीक आहे. जा."

काही दिवसांनी ते वर्गात कागदांची गुंडाळी घेऊन आले. नकाशाच्या त्याच भागाच्या प्रती त्यांनी स्वतःच्या हाताने काढल्या होत्या. वाटा, ओढे, उंची, जंगलाच्या कडा, सारे एकाच काळ्या शाईत. "रंगांनी तुमची डोकी आळशी केली आहेत," ते सर्वांना म्हणाले. "यापुढे आधी हा नकाशा वाचायचा, मग रंगीत."

वर्ग कुरकुरला. "सरले लाल शाई परवडून नाही राहिली वाटते," असे माझा मित्रच सर्वांत मोठ्याने म्हणाला. माझ्याकडे कोणी पाहू नये म्हणून त्याने तसे केले, हे मला ठाऊक होते. त्या प्रती कोणासाठी होत्या, हे सरांनी कधीही कोणाला सांगितले नाही.

समोच्च रेषा दुभंगत नाही, अधांतरी संपत नाही. ओढा भेटला की त्याच्या उगमाकडे वळते. वाट मात्र चढते, फुटते, विहिरीपाशी थांबते. हे सारे पुस्तकात होते. मला ते बोटाने शिकावे लागले.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. सर त्यांच्या शेजारी बसले होते. टेबलावर रंगीत नकाशा होता. परीक्षकांनी एका रेषेवर पेन टेकवले.

"ही कशाची?"

"बैलगाडीच्या वाटेची."

"कशावरून?"

"दोन समोच्च रेषा ओलांडून जाते. पुढे फाटा फुटतो. एक फाटा विहिरीपाशी संपतो."

"इतका खटाटोप कशाला? लाल आहे. दिसत नाही?"

मी सरांकडे पाहिले. ते समोरच्या कागदाकडे पाहत होते. परक्या माणसापुढे मी ते प्रथमच बोललो. "नाही, साहेब. मला लाल दिसत नाही."

परीक्षकांनी चष्मा काढला आणि सरांकडे वळून पाहिले. सर म्हणाले, "पुढचा प्रश्न विचारा."

परीक्षकांनी बरेच विचारले. मी सर्व सांगितले. अखेरीस त्यांनी नकाशाची घडी घातली आणि "पुरे, उत्तम," म्हणाले. मी निघालो तसे सर दारापर्यंत आले, तेव्हा मी "सर..." एवढेच म्हणू शकलो.

"पुढच्याला आत पाठवा," ते म्हणाले.

पुढे मी आयुष्यभर भूगोलच शिकवला. दर वर्षी पहिला नकाशा काळ्या शाईतला असे.

त्या वर्षी परीक्षा आटोपून गावी गेलो तेव्हा मृगात फुललेल्या बहराची तोडणी चालू होती. झाडाखाली उभे राहून मी वडिलांना रंगांचे सांगितले. ते हातातले फळ तसेच धरून राहिले.

"तुह्या आईचा बाप असाच होता," ते म्हणाले. "आम्ही त्याले बावळट म्हणत होतो."

मग ते फळ त्यांनी माझ्या हातात दिले आणि माझा अंगठा त्याच्यावर दाबला. "पिकलं का साल सैल होते. हातानं पाह्य."

संध्याकाळी माझी टोपली त्यांनी जमिनीवर ओतली नाही. तशीच उचलून गाडीत चढवली.