आधी जाऊन आलेला माणूस

एका सोमवारी सकाळी माझे यजमान गेले. त्यांनी चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि ते ओसरीवर जाऊन बसले. मी वर्तमानपत्र घेऊन बाहेर आले तेव्हा ते गेलेले होते.

त्याला आता काही महिने झाले. मुलगी म्हणते, घरात बसून राहू नकोस, कुठेतरी जाऊन ये. मी हो म्हटलं. तेव्हा तिने विचारलं, "पण आई, आधी हे सांग, तुला प्रवास कसा आवडतो? कुणाला सगळं आखलेलं लागतं, कुणाला वाट फुटेल तिकडे जायचं असतं. तुझं काय ते कळलं की मग जागा ठरवू." मी म्हटलं, उद्या सांगते. नंतर तिने दोनतीनदा आठवण करून दिली, आणि दर वेळी मी तेच म्हटलं.

हा प्रश्न मला याआधी एकदाच कुणी विचारला होता, आणि तेव्हा मला त्याचा संशय आला होता.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती पहिली काही वर्षं. आमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. मी सांगलीत वाढलेली, पुस्तकांत डोकं घालून बसणारी. लग्नानंतर कुंडलला आले आणि तिथल्याच शाळेत शिकवू लागले. यजमान पलटणीतून निवृत्त होऊन ऊस बघत होते. दिवसभर पाटाच्या पाण्यामागे आणि संध्याकाळी ओसरीवर. बोलणं कमी. एका संध्याकाळी मी कंदिलाची काच पुसत होते, तर ते एकाएकी म्हणाले, "काय गं, तुला जायला आवडतं का पोचायला?"

मला कळेना. "कुठे?"

"कुठंबी. येष्टीत बसल्यावर तुला बरं वाटतं का उतरल्यावर?"

आमच्याकडे असं कुणी कुणाला विचारत नसे. प्रवास म्हणजे कुणाकडे तरी जाणं. माहेरी, लग्नाला, बाळंतिणीला भेटायला, मयताला. बाजाराला तासगाव, कोर्टाला सांगली. तो कसा आवडतो, हा प्रश्नच नव्हता. म्हणून मला वाटलं, हे काहीतरी काढून घेतायत. माहेरी फार जाते असं कुणी सांगितलं असेल. मी सावधपणे म्हटलं, "कामाला जायचं तर आवडायचं काय त्यात?"

"कामाला न्हाई. दिवाळीच्या सुट्टीत म्हाबळेश्वरला जाऊ म्हन्तो."

मी काच खाली ठेवली.

ही गोष्ट घरात कळायला वेळ लागला नाही. थोरल्या जाऊबाई भाकऱ्या थापताना म्हणाल्या, "म्हाबळेश्वर? तिथं कोन हाय आपलं?"

"कुणी नाही."

"मग उतरायचं कुनाकडं?"

"खोली घ्यायची. बघायला जायचंय नुसतं."

"काय बघायचं?"

"डोंगर."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि हात झटकले. "आवं मास्तरीणबाई, सागरेश्वरचा डोंगर काय पळून चाललाय व्हय? दारातनं दिसतोय. त्याला बघाया खोली घ्यावी लागत न्हाई."

जिथे आपलं कुणी नाही तिथे माणूस जातो, म्हणजे त्यामागे काहीतरी असणार, असं त्यांचं मत होतं. मी हसून सोडून दिलं. पण ते कुठेतरी राहिलं.

गणपती उठले आणि दोनेक आठवड्यांनी यजमान म्हणाले, तासगावला जाऊन येतो. इंजिनाचा एक भाग बघायचा आहे, तिथे पलटणीतला दोस्त आहे, रात्री त्याच्याकडे राहीन. गेले, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परत आले. इंजिनाचा भाग मिळाला नाही म्हणाले. जेवले आणि झोपले.

सकाळी न्हाणीजवळच्या दगडावर त्यांचे बूट होते. पलटण सुटली तरी त्यांचं बूट घासणं सुटलं नव्हतं, पण त्या दिवशी ते पहाटेच पाणी धरायला गेले होते आणि बूट तसेच राहिले होते. टाचेच्या शिवणीत माती अडकली होती. आमच्या शिवारातली माती काळी, वाळली की तिच्या खपल्या पडतात. तासगावकडची मुरमाड, बूट आपटला की झडते. ही लाल होती, गेरूसारखी, आणि घट्ट बसली होती.

मी बूट हातात घेऊन उभी असताना जाऊबाई मागे आल्या.

"तासगावची माती कवापासनं लाल झाली गं?"

मी बूट परत दगडावर ठेवले.

"पुरुष मानूस रातभर भाईर ऱ्हातो, तोंडानं बोलत न्हाई, पन बूट बोलत्यात. एवढी पुस्तकं वाचतीस नव्हं? मग ह्ये वाच की."

मी ते वाचलं, आणि मला त्याचा एकच अर्थ लागला. लग्नाआधी त्यांची बरीच वर्षं बाहेर गेली होती. त्या वर्षांबद्दल मला फारसं माहीत नव्हतं, आणि विचारायची रीतही नव्हती. आपण पुस्तकातल्या माणसांना ओळखतो तेवढंसुद्धा या माणसाला ओळखत नाही, असं मला त्या दगडाजवळ उभं राहून वाटलं.

मी विचारलं नाही. मी बघत राहिले. माणूस संशयाने बघू लागला की त्याला सगळीकडे तेच दिसतं. ते जेवताना थांबून विचारात पडले तर का, आणि आपल्याशीच हसले तर कशाला. एकदा ते सहज म्हणाले, "सातारच्या स्टँडवर वाईच्या गाडीला गर्दी लय. आधी जागा धरावी लागती. आन पसरणीच्या घाटात मागं न्हाई बसायचं, मळमळतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"लोक सांगत्यात."

मी मनात म्हटलं, कुठले लोक?

दिवाळी जवळ आली तशी मी माहेरी पत्र लिहून सुट्टीत तिकडेच येते असं कळवायच्या बेताला आले होते. एवढी गोष्ट पोटात ठेवून त्यांच्या शेजारी येष्टीत बसायचं आणि डोंगर बघायचे, हे मला जमणार नव्हतं. तो प्रवास मोडला की बरंच काही मोडेल हेही मला कळत होतं.

तेवढ्यात तासगावचा तो दोस्त आला. भावाचं लग्न ठरलं होतं, आमंत्रण द्यायला. उंच, मिशाळ, बोलका माणूस. ओसरीवर बसतानाच ओरडला, "काय रं गड्या, मेलास का जिता हायस बघाया आलो."

"जिता हाय. बस."

"वैनी, दोन वर्सं झाली, ह्यो गडी तासगावला फिरकला न्हाई. माझ्या दारावनं द्राक्षांच्या गाड्या जात्यात, ह्यो काय येत न्हाई. पलटणीत माझ्या ताटातली डाळ खायाचा."

"डाळ कसली, पानी हुतं त्ये," यजमान म्हणाले. पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप पाहुण्यांपुढे ठेवला आणि आत गेले.

पाहुणे गेल्यावर मी बाहेर आले. "तुम्ही तासगावला गेला नव्हतात."

"न्हाई."

"मग?"

"म्हाबळेश्वरला."

"कुणाबरोबर?"

त्यांना तो प्रश्न कळायला वेळ लागला. कळल्यावर ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "एकटाच. बघून याया गेलतो."

मग ते मला वाटतं लग्नानंतर पहिल्यांदाच एवढं सलग बोलले. पलटण कुठेही हलायची तर आधी थोडे जण पुढे जात. त्याला ॲडव्हान्स पार्टी म्हणत. पाणी कुठे आहे, तंबू कुठे ठोकायचे, कुठला दगड ढिला आहे, कुठल्या वाटेने गाडी जाणार नाही, हे बघून ते माघारी येत आणि सांगत. मग बाकीचे निघत. यजमान कायम त्या पुढे जाणाऱ्यांत असत. "न बघितल्या जागी मला मानसं न्हेता येत न्हाईत. झोप लागत न्हाई. तिथं तवा पाऊस चालू हुता, खोल्या गळत हुत्या. तू रातच्याला वाचतीस, तर दिवा कुठं हाय त्ये नको बघाया?"

"मग मला सांगून जायचं."

"सांगितलं असतं तर तू म्हन्ली असतीस, कशाला जाताय."

हे खरं होतं. तरी मला राग आला, आणि तो आधीच्या संशयाहून वेगळा होता. मी म्हटलं, मी पुस्तकाची प्रस्तावना आधी वाचत नाही. पुढे काय येणार ते कुणी सांगितलं तर मी ते पुस्तक मिटून ठेवते. मला ती जागा कुणी आधी चाखलेली नको होती. दोघांनी मिळून पहिल्यांदा बघायची होती. "आता तुम्ही सगळं बघून आलात. मी काय बघायचं? तुम्ही दाखवाल ते?"

त्यांनी पाहुण्यांचा रिकामा कप उचलून कडेला ठेवला. मग म्हणाले, "सगळं न्हाई बघितलं. खोली बघितली, वाट बघितली. पॉइंट न्हाई बघितले. त्ये तुझ्यासंगं बघायचे म्हनून ठेवल्यात."

"खरं?"

"खरं."

मी अर्धा विश्वास ठेवला आणि माहेरचं पत्र लिहिलं नाही.

आम्ही गेलो. सातारला त्यांनी खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली. महाबळेश्वरात खोली देणारी एक म्हातारी होती, पाठीत वाकलेली. तिने आम्हाला बघताच म्हटलं, "आलात का? ह्यांनी सांगितला तसा बल्ब खाटंच्या डोक्याला लावलाय. एवढं कोण करतं हो?" मी तिच्या सुरकुत्यांकडे पाहिलं आणि मला स्वतःच्या महिनाभराच्या विचारांचं हसू आलं. त्या रात्री मी त्या बल्बखाली वाचत पडले आणि ते शेजारी लगेच झोपले. बघितलेल्या जागी त्यांना झोप लागत होती.

सकाळी आम्ही कड्याकडे निघालो. वाटेवर लाल चिखल, दोन्ही बाजूंनी ओलं गवत. शेवटी दगडी पायऱ्या उतरून जायच्या होत्या. ते पुढे, मी मागे. दरीत धुकं होतं, ते समोर बघत चालले होते आणि मला सांगत होते, "असलं काय मी जल्मात बघितलं न्हाई." बोलता बोलता एके ठिकाणी त्यांनी पाय उंच उचलून लांब टाकला, मागे हात करून माझं कोपर धरलं आणि मलाही पुढे घेतलं. मी खाली पाहिलं. गवताखाली एक पायरी निखळलेली होती. वरून ती दिसत नव्हती. त्यांनी खाली पाहिलंच नव्हतं.

कड्यावर पोचल्यावर ते मोठ्याने म्हणाले, "आयला! लय खोल हाय की गं!"

मी दरीकडे न बघता त्यांच्याकडे पाहिलं. तेही दरीकडे बघत नव्हते. मी काय करते ते बघत होते.

त्या क्षणी मी पायरीचं नाव काढलं असतं तर ते काय म्हणाले असते, मला माहीत नाही. मी म्हटलं, "हो, फार खोल आहे." मग धुकं हललं आणि मी खाली पाहिलं.

त्यानंतर आम्ही पुष्कळ फिरलो. प्रत्येक प्रवासाच्या आधी कधीतरी ते म्हणायचे, "तासगावला जाऊन येतो." मी म्हणायची, "या." ते परतले की मी नकळत बूट बघायची. त्यांनी ते ओळखलं असावं, कारण पुढे पुढे ते माती कुठेतरी वाटेतच काढून घरी येऊ लागले. बूट फारच स्वच्छ असले की मी समजायची, हे जागा बघून आले. कधीकधी वाटायचं, आता विचारावं. त्या दिवशी कड्यावर तुम्ही आधी गेला होतात ना? पण विचारलं असतं तर त्यांना एक तर कबूल करावं लागलं असतं, किंवा पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं. दोन्ही मला नको होतं.

भेटायला येणारे लोक म्हणतात, ते पुढे गेले. मला ते म्हणवत नाही. ते पुढे जायचे तेव्हा परत यायचे, आणि दिवा कुठे आहे ते सांगायचे.

मुलीला काल उत्तर दिलं. म्हटलं, मी न बघितलेल्या जागीच जाणार, आणि कुणी मला तिथलं आधी काही सांगायचं नाही. ती म्हणाली, एवढं कळलं तरी पुरे, आता ठरवता येईल. पण कुणीतरी मला न सांगता तिथे आधी जाऊन आलेलं असावं, हा उत्तरातला अर्धा भाग मी तिला सांगितला नाही.

त्यांचे बूट ओसरीवर आहेत. मी ते उलटे करून पाहिले. त्यांना माती नाही.